पुळी पिकते म्हणजे काय होतं?

पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या पीजीत किंवा भाड्याच्या फ्लॅटमध्ये नवी मुलं-मुली राहायला आली की दोन-तीन महिन्यांत एक तक्रार हमखास कानावर येते. गावी होते तेव्हा चेहरा साफ होता, इथं आल्यापासून बिघडला. लातूरकडची मुलगी पाण्याला दोष देते, कारण सोसायटीत टँकरचं आणि बोअरचं पाणी येतं आणि साबणाला धड फेससुद्धा येत नाही. जळगावकडचा मुलगा रस्त्यावरच्या धुळीला दोष देतो. घरी फोन केला की आई म्हणते, "बाहेरचं खाऊन उष्णता झाली असेल, सब्जा पी." आणि कोपऱ्यावरचा मेडिकलवाला काही न विचारता एक ट्यूब पुढे सरकवतो.

आता जवळ जाऊन पाहिलं तर एकीच्या हनुवटीवर पांढऱ्या तोंडाच्या पुटकुळ्या असतात. दुसऱ्याच्या मानेवर एकच मोठं, ठणकणारं गळू असतं. तिसऱ्याच्या कपाळावर एकाच मापाच्या बारीक पुळ्या असतात आणि त्या खाजतात. पू तिन्हींत आहे, म्हणून तिघंही एकच ट्यूब वापरतात. पण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिघांची कारणं वेगळी, औषधं वेगळी, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लावलं तर त्रास वाढू शकतो. पू दिसतोय एवढ्यावर न थांबता तो का झाला हे ओळखता आलं, तर बरेच महिने आणि बरेच पैसे वाचतात.

पू रक्तातून येत नाही

पू पाहिला की किळस येते आणि आतली घाण बाहेर पडते आहे असं वाटतं. 'रक्त खराब झालंय' हे घरगुती निदान तिथूनच येतं आणि रक्तशुद्धीच्या औषधांचा खपही तिथूनच. पण रक्तातली घाण पुळ्यांवाटे बाहेर टाकण्याची कसलीही व्यवस्था शरीरात नाही. टाकाऊ पदार्थ काढण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. पू जिथे दिसतो तिथेच, त्याच जागी तयार झालेला असतो.

आणि तो बनतो मुख्यतः आपल्याच पांढऱ्या पेशींचा. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये सगळ्यांत जास्त संख्या असते न्यूट्रोफिल नावाच्या पेशींची. निरोगी प्रौढ माणसाच्या हाडांतल्या मगजात त्या रोज सुमारे दहा हजार कोटी तयार होतात, आणि त्यांचं आयुष्य काही तासांचं, फार तर थोड्या दिवसांचं असतं. त्वचेत जंतू शिरला किंवा एखादी गोष्ट नको त्या जागी सांडली, की तिथल्या पेशी रासायनिक संदेश सोडतात. त्यामुळे जवळच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून जागा लाल आणि गरम होते. वाहिन्यांतून द्राव झिरपतो, म्हणून सूज येते. सुजेचा दाब आणि तीच रसायनं नसांच्या टोकांना डिवचतात, म्हणून ठणका लागतो. न्यूट्रोफिल वाहिनीच्या भिंतीतून वाट काढत बाहेर येतात आणि संदेशाच्या रोखाने सरकत जातात. तिथे पोहोचल्यावर त्या जंतू गिळतात आणि आतल्या आत मारतात. त्यासाठी त्या जे रसायन बनवतात ते आपण फरशी पुसायला वापरतो त्या ब्लीचच्या जातीचं असतं. २००४ साली बर्लिनच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. काही न्यूट्रोफिल मरता मरता स्वतःच्या डीएनएचे धागे बाहेर फेकतात आणि जंतू त्यांत गुरफटतात.

या कामात न्यूट्रोफिल स्वतः मरतात. मेलेल्या न्यूट्रोफिल, मेलेले आणि काही जिवंत जंतू, आजूबाजूच्या विरघळलेल्या पेशी आणि झिरपलेला द्राव मिळून पू होतो. त्याला कधी कधी हिरवट झाक दिसते. ती न्यूट्रोफिलमधल्या एका विकराची, म्हणजे एन्झाइमची असते. ब्लीचसारखं रसायन बनवतो तो हाच विकर, आणि त्याचा स्वतःचा रंगच हिरवा असतो.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. न्यूट्रोफिलना बोलावणं जाण्यासाठी बाहेरून आलेला जंतूच लागतो असं नाही. त्वचेचं स्वतःचं तेल चुकीच्या जागी सांडलं तरी त्या येतात, आणि पू होतो.

मुरूम: तुंबलेलं छिद्र

तळहातावर आणि तळपायावर मुरूम कधीच येत नाही. तिथे केस नसतात आणि तेलाच्या ग्रंथीही नसतात. बाकी सगळीकडे प्रत्येक केस एका बारीक नळीतून बाहेर येतो, आणि त्या नळीच्या कडेला तेल बनवणारी ग्रंथी असते. चेहरा, छाती आणि पाठीचा वरचा भाग इथे या ग्रंथी मोठ्या आणि दाटीने असतात. मुरमांची जागाही नेमकी तीच.

वयात येताना शरीरात पुरुषी संप्रेरकं वाढतात. ती मुलींमध्येही असतात, फक्त कमी. त्यांच्यामुळे ग्रंथी मोठ्या होतात आणि तेल जास्त बनवतात. त्याच वेळी नळीच्या आतल्या अस्तराच्या पेशी नेहमीपेक्षा जास्त तयार होतात आणि सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटून राहतात. स्वयंपाकघरातल्या मोरीत तेलकट पाणी आणि शिताचे कण एकत्र गेले की जाळीच्या खाली जसा गठ्ठा बसतो, तसाच हा गठ्ठा नळीत बसतो. मोरीची फरशी वरून कितीही घासली तरी तो निघत नाही. दिवसातून सहा वेळा फेसवॉश लावून मुरूम का जात नाहीत, याचंही उत्तर तेच आहे.

गठ्ठा बसला आणि तोंड उघडं राहिलं तर काळं टोक दिसतं. तो काळा रंग मळाचा नसतो. त्वचेतलं रंगद्रव्य आणि हवेशी आलेला संपर्क यांमुळे तो येतो. तोंड बंद राहिलं तर त्वचेच्या रंगाचा किंवा पांढरा दाणा दिसतो. इथवर पू नाही, लाली नाही. पण बंद नळीत तेल साठत जातं, हवा पोहोचत नाही, आणि तिथे आधीपासून राहणाऱ्या क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस या जंतूला हे फार मानवतं. हा जंतू जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाच्या त्वचेवर असतो, स्वच्छ चेहऱ्यावरही. तो तेल तोडून त्याची आम्लं बनवतो, ती आम्लं नळीच्या भिंतीला झोंबतात आणि संदेश सुटतात. शेवटी भिंत फाटते, आतला ऐवज बाजूच्या त्वचेत सांडतो आणि न्यूट्रोफिल धावून येतात. लाल पुळी उठते आणि मग तिच्या टोकाला पू दिसतो.

म्हणून मुरूम हा संसर्ग नाही. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. आरशात आज दिसलेली पुळी साधारण काही आठवड्यांपूर्वी, डोळ्यांना न दिसणाऱ्या गठ्ठ्याच्या रूपात सुरू झालेली असते. काल वडापाव खाल्ला आणि आज पुळी आली हा हिशेब म्हणूनच जुळत नाही.

आपल्याकडे ही तक्रार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या, काटेसावरीच्या काट्यांसारख्या पुळ्यांचं वर्णन 'मुखदूषिका' या नावाने केलेलं आहे. वयाशी असलेलं नातं तेव्हाही वैद्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

मग हिंजवडीत आल्यावरच का?

आधी वय पाहू. आयटी पार्कमध्ये नोकरीला लागणारी मुलं बाविशी-तेविशीतली असतात. १२ ते २४ या वयातल्या सुमारे ८५ टक्के लोकांना कमी-जास्त मुरूम येतात, आणि मुलींमध्ये ते पंचविशीनंतरही चालू राहणं किंवा नव्याने सुरू होणं अजिबात दुर्मीळ नाही. म्हणजे बऱ्याच जणांना ते गावी राहूनही आलेच असते.

पण जागेचा काहीच वाटा नाही असंही मी म्हणणार नाही. सगळ्यात ठोस पुरावा आहे तो खाण्याचा. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरचे आणि पराग्वेतल्या आचे जमातीचे लोक तपासून एका पथकाने २००२ साली नोंद केली की त्यांच्यात मुरमाचा एकही रुग्ण सापडला नाही. किटावाचे १,२०० जण पाहिले होते. त्यांच्या आहारात साखर, मैदा, बेकरीचे पदार्थ जवळजवळ नव्हते. २००७ साली ऑस्ट्रेलियात तरुण मुलांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. ज्यांच्या जेवणात रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ कमी केले, त्यांचे मुरूम दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाले. साखर झपाट्याने चढली की इन्शुलिन चढतं, आणि इन्शुलिनबरोबर वाढणारी रसायनं तेलग्रंथींना चेतवतात. आता हिंजवडीतला दिवस आठवा. सकाळी बन-मस्का आणि चहा, दुपारी कँटीनचा पांढरा भात, संध्याकाळी कोल्ड कॉफी, रात्री अकराला ॲपवरून मागवलेल्या नूडल्स. जिमला जाणाऱ्यांची व्हे प्रोटीनची पावडर याच वाटेने मुरूम वाढवताना दिसते, कारण ती दुधाचीच असते आणि इन्शुलिन चढवते. पावडर सुरू केल्यानंतर पाठीवर आणि छातीवर पुळ्या आल्या असतील तर आधी ती दोन-तीन महिने बंद करून पाहावी.

दुसरी गोष्ट हेल्मेट. भूमकर चौकातून आयटी पार्कच्या फेज तीनपर्यंत पोहोचायला मे महिन्यात तासभर लागला तर तेवढा वेळ कपाळाला आतला फोम आणि हनुवटीला पट्टा घासत असतो, खाली घाम. अमेरिकी फुटबॉलपटूंच्या हेल्मेटाखाली आणि पट्ट्याखाली येणाऱ्या अशा मुरमांचं वर्णन १९७५ सालीच झालेलं आहे. हेल्मेट सोडायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. आत सुती रुमाल किंवा टोपी घालावी आणि ती रोज धुवावी.

तिसरी गोष्ट केसांचं तेल. रात्री डोक्यावर खोबरेल थापून झोपलं की ते उशीवर आणि उशीवरून कपाळावर उतरतं. फक्त कपाळाच्या वरच्या कडेला आणि कानशिलांवर बारीक दाणे असतील तर आधी तेलाकडे पाहावं.

पाणी आणि धूळ यांना मात्र मिळतो त्यापेक्षा बराच कमी दोष द्यायला हवा. जड पाण्यात साबणाचा थर त्वचेवर राहतो, त्वचा कोरडी होते, खाज येते. इसबाच्या रुग्णांना त्याचा खरा त्रास होतो. पण नळीतला गठ्ठा पाण्याने बसत नाही. धूळ वरवरच राहते आणि संध्याकाळी सौम्य फेसवॉशने निघते. बिसलेरीने तोंड धुणाऱ्या मुलांचं मला वाईट वाटतं, कारण त्यांचा मूळ प्रश्न तसाच राहतो.

एक प्रश्न मुलींनी स्वतःला जरूर विचारावा. पाळी अनियमित आहे का, हनुवटीवर जाड केस येताहेत का, वजन वाढतंय का? तसं असेल तर मुरूम हे पीसीओएसचं, म्हणजे बीजांडकोशांशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाचं, लक्षण असू शकतं, आणि मग नुसत्या क्रीमने भागत नाही.

गळू: इथे जंतूच मुख्य

मानेवरचं ते ठणकणारं गळू ही निराळी कथा आहे. १८८० साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या ॲलेक्झांडर ऑग्स्टन या शल्यचिकित्सकाने गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्या काळी जखमेत पू होणं हा बरं होण्याचाच भाग आहे असं अनेक डॉक्टर मानत. ऑग्स्टनला पुवात गोल जंतूंचे पुंजके दिसले आणि तोच पू प्राण्यांना टोचल्यावर त्यांनाही गळू झालं. या जंतूला स्टॅफिलोकोकस हे नाव त्यानेच दिलं.

त्यातली ऑरियस ही जात गळवाचं मुख्य कारण आहे. साधारण दर तीन माणसांतल्या एकाच्या नाकपुडीत ती कसलाही त्रास न देता राहत असते. नाकातून बोटावर, बोटावरून दाढी करताना पडलेल्या चिरेत किंवा घामोळं खाजवलेल्या जागी ती पोहोचते आणि केसाच्या मुळाशी उतरते. वरवर राहिली तर बारीक पुळी, खोल गेली तर केसतूड. शेजारच्या चार-सहा केसांची मुळं एकत्र पिकली आणि अनेक तोंडं पडली तर ती काळपुळी. शरीर या जागेभोवती जाड भिंत उभारतं आणि पू आत कोंडतो.

उन्हाळ्यात आंब्याने गळू येतं, असं आपल्या घराघरांत म्हणतात. आंबा आणि गळू एकाच महिन्यात येतात, एवढाच त्यांचा मुख्य संबंध. मेमध्ये घाम, घामोळं, घट्ट कपडे आणि खाजवणं हे सगळं एकदम असतं आणि जंतूला ते पोषक असतं. देठाचा चीक मात्र खरोखर त्वचेला झोंबतो आणि ओठांच्या कडेला पुरळ उठवतो, म्हणून आंबा पाण्यात ठेवून, देठाकडचा चीक धुऊन खावा हा आजीचा नियम बरोबर आहे.

आजीचं पोटीसही बरोबर आहे. गव्हाच्या कणकेचं असो की जवसाचं, त्यातला कामाचा भाग ऊब हा आहे. उबेने रक्तपुरवठा वाढतो, गळू लवकर मऊ होतं आणि आपलं आपण फुटायला मदत होते. आज त्यासाठी स्वच्छ फडका सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा ठेवला तरी पुरे.

लहान गळू एवढ्यावर बरं होतं. मोठं झालं, दाबल्यावर आत द्राव हलतोय असं जाणवलं, की त्याला चीर देऊन निचरा करणं हाच उपाय. गोळ्यांवर गोळ्या खाऊनही ते का बसत नाही, याचं कारण ती भिंत आहे. आत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून रक्तातून येणारं औषध पुवात पुरेसं पोहोचत नाही. चीर कधी द्यायची, याचा विचार सुश्रुताने फार बारकाईने केला आहे. सूज कच्ची आहे, पिकते आहे की पिकली आहे हे ओळखण्यासाठी सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थान या भागात एक स्वतंत्र अध्याय आहे. कच्ची सूज कापणारा आणि पिकलेली तशीच सोडणारा, दोघांनाही त्याने सारखंच दोषी ठरवलं आहे. आजचा सर्जन यात काही बदल करणार नाही.

घरी दाबून फोडू नये, कारण भिंत बाहेरच फुटेल याची खात्री नसते. ती आतल्या बाजूला फुटली तर जंतू पसरतो. नाक आणि वरचा ओठ या भागात हे विशेष धोक्याचं आहे. तिथल्या शिरा डोळ्यामागून कवटीतल्या मोठ्या शिरेशी जोडलेल्या आहेत, आणि क्वचित का होईना, संसर्ग त्या वाटेने मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

---

चौकट: डॉक्टरांकडे आजच जा, उद्यावर टाकू नका

गळवाबरोबर ताप किंवा थंडी वाजणं. लाली तासातासाला पसरणं किंवा लाल रेघ वर चढणं. नाक, वरचा ओठ किंवा डोळ्याजवळचं गळू, विशेषतः डोळा सुजला किंवा डोकं फार दुखू लागलं तर. मधुमेह असताना आलेलं कोणतंही गळू. मानेवर अनेक तोंडांची काळपुळी. लहान बाळाला आलेलं गळू. आणि गळवं पुन्हा पुन्हा येत असतील तर रक्तातली साखर तपासून घेणं, वय पंचवीस असलं तरी.

---

पुन्हा पुन्हा येणाऱ्या गळवांचं आणखी एक कारण हिंजवडीत सहज सापडतं, ते म्हणजे एका खोलीत चौघं. एकच टॉवेल, एकच ट्रिमर, एकमेकांची उशी. बांधकामाच्या साइटवर पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मजुरांची अवस्था याहून कठीण आहे, कारण तिथे आंघोळीच्या पाण्याचीच वानवा असते. मुरूम पसरत नाहीत, गळवाचा जंतू पसरतो. टॉवेल आणि वस्तरा प्रत्येकाचा वेगळा, कपडे गरम पाण्यात धुतलेले, एवढ्याने खूप फरक पडतो. तरीही गळवं थांबली नाहीत तर डॉक्टर नाकपुडीत लावायला मुपिरोसिनचं मलम देतात, जंतूचा मुक्काम हलवण्यासाठी. काखेत आणि जांघेतच वर्षानुवर्षं गाठी पिकत असतील तर मात्र तो वेगळा, दीर्घकाळ चालणारा आजार असू शकतो. त्याला साधं गळू समजून दर वेळी चीर देत राहणं हा रुग्णावर अन्याय आहे. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं.

शेजारच्या पिंपरीची गोष्ट

गळवाच्या या जंतूचा धागा पिंपरीपर्यंत येतो, पण सुरुवात लंडनची. १९२८ साली तिथे ॲलेक्झांडर फ्लेमिंगच्या ज्या बशीत बुरशी पडली आणि भोवतालचे जंतू मेले, ते जंतू स्टॅफिलोकोकसच होते. पेनिसिलिन सापडलं ते गळवाच्या जंतूमुळे. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डमधल्या अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला ते उपचार म्हणून दिलं गेलं. त्याचा चेहरा आणि डोकं पुवाने भरलं होतं. पहिल्याच दिवसापासून उतार पडला. पण औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून ते गाळून परत टोचावं लागलं. साठा संपला, संसर्ग उलटला आणि मार्चमध्ये तो गेला.

तेरा वर्षांनी, १९५४ साली, हिंजवडीपासून दहा-बारा किलोमीटरवर पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि लवकरच तिथे पेनिसिलिन बनू लागलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने त्याला मदत केली होती. सार्वजनिक क्षेत्रातली ही देशातली पहिली औषध कंपनी. पिंपरीच्याच मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून तिथल्या शास्त्रज्ञांनी पुढे हॅमायसिन हे बुरशीवरचं औषधही शोधलं. उद्योगनगरी म्हणून पिंपरीचं नाव घेताना हा भाग आपण विसरतो, याची मला खंत वाटते.

त्या पेनिसिलिनने आज गळू बरं होईल का? बहुधा नाही. पेनिसिलिन तोडणारा विकर बनवणारे स्टॅफिलोकोकस १९४० च्या दशकातच दिसू लागले आणि आता बहुतेक सगळेच तसे आहेत. त्यांच्यासाठी वेगळी अँटिबायोटिक्स आली, त्यांनाही न जुमानणारे १९६१ साली इंग्लंडमध्ये सापडले. अर्धवट घेतलेला कोर्स, मित्राच्या उरलेल्या गोळ्या, पुळी आली की अँटिबायोटिक या सवयींनी आपण त्या जंतूंना निवडून वाढवतो.

खाजणाऱ्या एकसारख्या पुळ्या

तिसऱ्या मुलाच्या कपाळावरच्या पुळ्या कोणी मुरूम समजेल. पण मुरमांत काळे ठिपके, पांढरे दाणे, लाल पुळ्या असं सगळं एकत्र असतं. इथे सगळ्या एका मापाच्या, आणि खाज. ही केसाच्या नळीत वाढलेल्या मॅलासेझिया नावाच्या बुरशीची करामत. तीही सगळ्यांच्या त्वचेवर असते आणि तेलावर जगते. घाम, दमट हवा, न सुकलेले जिमचे कपडे यांत वाढते, आणि अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर तर अनेकदा, कारण तिच्याशी जागेसाठी स्पर्धा करणारे जंतू मेलेले असतात. मुरमांवरच्या गोळ्या घेऊन वाढत जाणारे मुरूम असतील तर ते मुरूमच आहेत का, हे पुन्हा पाहायला हवं. यावर कीटोकोनॅझोलसारखं बुरशीवरचं औषध लागतं.

ट्यूबचा चमत्कार

मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबने दोन दिवसांत लाली जाते, पू बसतो, चेहरा उजळतो. यात अनेकदा स्टेरॉइड असतं. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव बारीक अक्षरांत असतं, सोबत एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीवरचं औषध. म्हणजे कारण काहीही असो, काहीतरी लागू पडेल असा हिशेब.

स्टेरॉइड न्यूट्रोफिलना बोलावणारे संदेशच बंद करतं. म्हणून पू दिसेनासा होतो. गठ्ठा, जंतू, बुरशी सगळं जागच्या जागी राहतं. काही आठवड्यांत त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, गालांवर केस वाढतात आणि पुळ्यांचं नवं पीक येतं. ट्यूब थांबवली की चेहऱ्याची आग होते आणि तो लालबुंद होतो, म्हणून माणूस ती पुन्हा लावतो आणि अडकतो. भारतातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यांतले ४३३ जण तोंडाला स्टेरॉइड लावत होते, आणि सगळ्यात जास्त दिसलेला दुष्परिणाम होता मुरूम. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने बरीच वर्षं पाठपुरावा केल्यावर २०१८ साली सरकारने अशी अनेक स्टेरॉइड क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. पण ट्यूब आजही सहज मिळते. चेहऱ्याला लावायची कोणतीही ट्यूब घेण्याआधी तिच्या मागचं बारीक अक्षर वाचा, एवढं मी हात जोडून सांगेन.

मुरमांवर खरोखर चालतं ते

साध्या मुरमांसाठी दोन औषधं जगभर पहिली मानली जातात. पहिलं बेंझॉइल पेरॉक्साइड. ते नळीत प्राणवायू सोडतं, आणि प्राणवायू तिथल्या जंतूला सोसत नाही. इतक्या वर्षांत जंतू त्याला सरावलेले नाहीत. अडीच टक्क्यांचं जेल दहा टक्क्यांइतकंच चालतं आणि कमी झोंबतं, म्हणून जास्त टक्क्यांच्या मागे लागू नये. टॉवेल आणि उशीच्या अभ्र्याचा रंग ते उडवतं, तेवढं सांभाळावं. दुसरं ॲडापलीन, अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं. ते अस्तराच्या पेशी सुट्या ठेवतं, म्हणजे गठ्ठा मुळात बसूच देत नाही. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढं. ते पुळीवर ठिपका ठेवून लावायचं नसतं, मुरूम येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ पसरायचं असतं, कारण उद्याची पुळी आज दिसत नाही. सुरुवातीचे काही आठवडे त्वचा कोरडी पडते, सोलते. एक दिवसाआड लावावं, वर तेलविरहित मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. गरोदर असताना किंवा त्या प्रयत्नात असताना ते लावू नये.

फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. बहुतेक लोक तिसऱ्या आठवड्यात औषध सोडतात आणि 'मला काही लागू पडत नाही' म्हणतात. टूथपेस्ट, लिंबू, खाण्याचा सोडा यांनी त्वचा भाजते आणि डाग पडतात. ते करू नये.

मुरूम जास्त असतील तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या काही आठवड्यांसाठी देतात. त्या भरपूर पाण्याबरोबर घ्यायच्या, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही आणि ऊन टाळायचं. नुसतं अँटिबायोटिकचं जेल एकटं लावणं चुकीचं आहे. जंतू सरावतात, म्हणून बेंझॉइल पेरॉक्साइड जोडीला हवंच. खोल, दुखऱ्या गाठी असतील, खड्डे पडू लागले असतील तर आयसोट्रेटिनॉइन हे औषध आहे. ते १९८२ पासून वापरात आहे आणि तेलग्रंथीच आक्रसवतं. त्याने बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून स्त्रियांनी उपचाराआधी महिनाभर, उपचार चालू असताना आणि नंतर महिनाभर गर्भ राहू न देण्याची पक्की काळजी घ्यायची असते. रक्ततपासणीही लागते. हे औषध ऑनलाइन मागवून घ्यायचं नसतं.

पुळी गेल्यावर राहतो तो तपकिरी डाग. आपल्या सावळ्या त्वचेत तो जास्त ठळक उमटतो आणि जायला महिने लागतात, पण बहुतेक वेळा जातो, ऊन टाळलं तर लवकर. खड्डा मात्र आपोआप भरत नाही. त्यासाठी लेझर किंवा सुयांचे उपचार आहेत, आणि ते मुरूम पूर्ण शांत झाल्यावरच करायचे असतात. नखाने पुळी फोडणं हे खड्ड्याचं एक मोठं कारण आहे, कारण दाबल्यावर थोडा पू बाहेर येतो, तसा थोडा फाटलेल्या भिंतीतून आतही जातो.

त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, अर्ध्या संपलेल्याही, पिशवीत घालून न्याव्यात. केसांचं तेल, प्रोटीनच्या डब्याचा फोटो आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटंही. कोणती पुळी कशामुळे आहे, हे ठरवायला डॉक्टरांना चेहऱ्याइतकाच त्या पिशवीचा उपयोग होतो.